नऊवारीची कथा आणि ‘द होल नाइन यार्ड्स’

इंग्रजी बोलीभाषेतील ‘द होल नाइन यार्ड्स’ हा वाक्प्रचार आपल्या नऊवारी लुगड्यावरून निघाला, अशी एक कथा मोबाइलवरून सतत फिरत असते. इंग्रज साहेबांनी आपल्याकडे नऊ वारांचे अखंड वस्त्र नेसलेल्या बायका पाहिल्या, त्या लांबीचे त्यांना अप्रूप वाटले, आणि एखादी गोष्ट काहीही हातचे न राखता पुरती करणे या अर्थाने ते ‘पुरते नऊ वार’ असे म्हणू लागले, असा तिचा सारांश आहे. ज्या प्रदेशात पैठण आहे, त्या मराठवाड्यात ही कथा वाचणाऱ्याची छाती भरून येणे स्वाभाविक आहे. तरीही ती खरी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. या वाक्प्रचाराच्या उगमाचा माग गेली चाळीसहून अधिक वर्षे अनेकांनी अत्यंत चिकाटीने काढला आहे, आणि त्या शोधात हाती आलेल्या कागदांमध्ये लुगड्याला कुठेही जागा नाही.

प्रथम अर्थ पाहू. आज अमेरिकेत एखाद्याने लग्न केले आणि मांडव, वाजंत्री, आहेर, पंगत यांपैकी काहीच वगळले नाही, तर त्याने ‘होल नाइन यार्ड्स’ केले असे म्हणतात. ‘गो द होल नाइन यार्ड्स’ म्हणजे हाती घेतलेले काम तडीस नेणे. आपण अशा वेळी ‘साद्यंत’, ‘इत्थंभूत’, ‘अथपासून इतिपर्यंत’ असे शब्द प्रसंगानुसार वापरतो. यांतील ‘इत्थंभूत’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण या वाक्प्रचाराचे जुने उपयोग पाहिले तर त्यांतील बरेचसे हकीगत सांगण्याबद्दलचेच आहेत.

आता लुगड्याकडे वळतो, कारण ज्याच्यावर दावा सांगितला जातो ती वस्तू नीट पाहिली पाहिजे. आमचे कापडाचे दुकान परभणी जिल्ह्यातील सेलूच्या बाजारपेठेत होते आणि माझे लहानपण ताग्यांच्या आडोशाला गेले. काउंटरवर लोखंडी गज असे. कापड त्यावर धरून एकेक माप मोजले जाई, शेवटच्या मापावर अंगठ्याने खूण करून कात्रीने जरासा छेद दिला जाई आणि मग दोन्ही हातांनी ते टर्रकन फाडले जाई. लुगड्याला मात्र ही गरजच नसे, कारण लुगडे मागावरूनच पुरते उतरते. त्याला दोन्ही अंगांनी काठ असतात, एका टोकाला पदर असतो, आणि त्याची लांबी विणताना ठरते, विकताना नाही. खेड्यातून आलेली म्हातारी बाई दुकानदाराच्या गजावर विश्वास न ठेवता इरकली लुगड्याची घडी मोडून कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत हाताने मोजत असे. एक हात म्हणजे अठरा इंच, दोन हातांचा एक वार, म्हणून नऊवारी लुगडे अठरा हातांचे. हाताने मोजणारीचा हिशेब क्वचितच चुके. पुढे १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर बाजारात मीटर आला आणि नऊ वारांचे साधारण सव्वाआठ मीटर झाले, तरी नाव नऊवारीच राहिले.

ही लांबी डौलासाठी ठरलेली नाही. काष्टा मागे खोचायचा, समोर निऱ्या घालायच्या, ओचा सोडायचा आणि पदर डोक्यावरून घेऊन वर कामाला मोकळे राहायचे, एवढे सगळे त्यात बसते. कापूस वेचणाऱ्या किंवा ज्वारीच्या सुगीत कणसे खुडणाऱ्या बाईला त्या नेसणीत दिवसभर वाकता येते. परंतु येथेच एक साधा प्रश्न उभा राहतो. ज्या भाषेत हे वस्त्र शेकडो वर्षे रोजच्या वापरात आहे, त्या मराठीत ‘नऊ वार’ या शब्दांचा ‘सगळेच्या सगळे’ असा अर्थ कधीच झालेला नाही. कोणी ‘त्याने मला नऊ वार हकीगत सांगितली’ असे म्हणत नाही. लुगड्यावरून आपण म्हणी केल्या आहेत. ‘सतरा लुगडी तरी भागुबाई उघडी’ ही त्यांपैकी एक. पण पूर्णतेचे माप म्हणून लुगडे आपण वापरले नाही. मग नेसणाऱ्यांच्या बोलण्यात जो अर्थ नाही, तो दुरून पाहणाऱ्या साहेबाच्या बोलण्यात कसा उमटला?

शिवाय साहेबांच्या बोलण्यात तरी तो उमटल्याचा मागमूस हवा होता. हिंदुस्थानातील इंग्रजांनी येथून उचललेले शब्द त्यांनी मोठ्या कौतुकाने टिपून ठेवले आहेत. १८८६ मध्ये यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा जाडजूड कोश निघाला तो याच शब्दांचा. मुंबईच्या डोंगरी भागाच्या नावावरून जाड्याभरड्या कापडाला ‘डंगरी’ हे नाव पडले, आपल्या मुंगुसापासून ‘माँगूस’ झाला, कोळिकोडवरून ‘कॅलिको’ आला. या सर्वांच्या खाणाखुणा जुन्या कागदांत सापडतात. ‘नाइन यार्ड्स’ची तशी एकही खूण इंग्रजांच्या येथील लिखाणात नाही. त्या वाक्प्रचाराचे सर्वांत जुने उपयोग सापडले ते ब्रिटनमध्येही नाहीत, मुंबईतही नाहीत, तर अमेरिकेच्या मधल्या पट्ट्यातील छोट्या गावांच्या वर्तमानपत्रांत.

या शोधाचा इतिहास थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे. न्यूयॉर्क टाइम्समध्ये भाषेवर स्तंभ लिहिणारे विल्यम सफायर यांनी १९८० च्या दशकात या वाक्प्रचाराचा उगम कळवण्याचे लोकांना आवाहन केले, आणि उत्तरांचा अक्षरशः पाऊस पडला. दुसऱ्या महायुद्धातील लढाऊ विमानांच्या मशिनगनचा गोळ्यांचा पट्टा सत्तावीस फूट, म्हणजे नऊ यार्ड लांब असे आणि वैमानिक तो सगळा शत्रूवर रिकामा करत, असे अनेकांनी सांगितले. काहींनी काँक्रीट मिक्सरच्या गाडीत नऊ घनयार्ड माल बसतो असे कळवले. जुन्या जहाजाच्या तीन डोलकाठ्यांवर प्रत्येकी तीन आडवे दांडे असत, आणि त्या दांड्यालाही इंग्रजीत ‘यार्ड’ म्हणतात, म्हणून सगळी शिडे उभारणे म्हणजे नऊ यार्ड, असेही एक उत्तर होते. स्कॉटिश पुरुषाचा घागरा, प्रेताला गुंडाळायचे कापड, अमेरिकी फुटबॉल, सगळ्यांवर कोणी ना कोणी दावा सांगितला. सफायर यांनी एका टप्प्यावर काँक्रीटच्या गाडीच्या बाजूने कौल दिला होता.

यांतील बहुतेक उत्तरे थोडा विचार केला तरी ढासळतात. मशिनगनचे पट्टे गोळ्यांच्या संख्येने मोजले जात, लांबीने नव्हे, आणि वैमानिकांच्या त्या काळच्या पत्रांत किंवा अहवालांत हा वाक्प्रचार आढळत नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला काँक्रीटच्या सर्वसाधारण गाड्यांत नऊ नव्हे, सहाच्या आसपास घनयार्ड माल मावे. अमेरिकी फुटबॉलमध्ये चेंडू दहा यार्ड पुढे न्यावा लागतो. नऊ यार्डांवर थांबणारा संघ अपुरा पडलेला असतो, त्याच्यावरून ‘पूर्ण’ हा अर्थ कसा निघेल? जहाजांवरील दांड्यांची संख्या तर जहाजागणिक बदलत असे.

एक पुरावा मात्र फसवा असूनही फार शिकवणारा आहे. अमेरिकेच्या सागरी आयोगाचे प्रमुख ॲडमिरल एमरी लँड यांनी १९४२ मध्ये सिनेटच्या समितीपुढे साक्ष दिली, आणि तीत ‘द होल नाइन यार्ड्स’ हे शब्द छापील नोंदीत जसेच्या तसे आहेत. ते सापडले तेव्हा शोध संपला असे अनेकांना वाटले. पण साक्षीचे मागचेपुढचे पान वाचले की कळते की बोलणे जहाजबांधणीच्या वेगाविषयी चालले होते आणि समोरच्या तक्त्यात खरोखरच नऊ जहाजकारखाने होते. कारखान्यालाही इंग्रजीत ‘यार्ड’च म्हणतात. म्हणजे ॲडमिरल फक्त ‘नऊही कारखाने मिळून’ एवढेच म्हणत होते. शब्द तेच, क्रम तोच, आणि वाक्प्रचाराशी संबंध मात्र शून्य. केवळ शब्द जुळले म्हणून उगम सापडला असे मानणाऱ्या प्रत्येकाने हे पान एकदा तरी वाचावे असे मला वाटते.

वर्तमानपत्रांच्या जुन्या प्रती संगणकावर शोधता येऊ लागल्या तेव्हा खरा उजेड पडला. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने लाखो पाने खुली केली, आणि येल विद्यापीठाच्या विधी ग्रंथालयातील फ्रेड शापिरो, तसेच व्यवसायाने मेंदूविज्ञानाच्या संशोधक असलेल्या बॉनी टेलर-ब्लेक यांच्यासारखी माणसे फावल्या वेळात ती पाने चाळू लागली. आधी १९६४ चा एक लेख मिळाला. त्यात अंतराळ कार्यक्रमातील मंडळींची बोली सांगितली होती, आणि ‘त्यांना होल नाइन यार्ड्स द्या’ म्हणजे एखाद्या प्रकल्पाचा बाबवार अहवाल द्या, असा अर्थ दिला होता. त्यानंतर केंटकी राज्याच्या शिकार आणि मासेमारीविषयक सरकारी नियतकालिकात १९५६ आणि १९५७ चे उपयोग मिळाले.

२०१२ मध्ये जे सापडले त्याने मात्र सगळा डावच पालटला. केंटकीतील ‘माउंट व्हर्नन सिग्नल’ या गावपातळीवरच्या पत्राच्या मे १९१२ च्या अंकात एका डेमोक्रॅट लेखकाने लिहिले होते की, थिओडोर रूझवेल्ट आणि टाफ्ट या दोन रिपब्लिकन नेत्यांचे आपसांत बिनसले नसते तर रिपब्लिकन पक्षातील लबाड्या आपल्याला कळल्याच नसत्या. थोडे थांबा, भांडण तापले की ते ‘होल सिक्स यार्ड्स’ सांगतील. सहा यार्ड! त्याच वर्षी जूनमध्ये त्याच पत्रात बातमीदाराने लिहिले की, काही दिवस बाहेरगावी असल्याने सगळ्या बातम्या गोळा करता आल्या नाहीत, पुढच्या अंकात ‘होल सिक्स यार्ड्स’ देऊ. १९२१ मध्ये साउथ कॅरोलायनातील स्पार्टनबर्गच्या एका वर्तमानपत्राने तर मथळाच ‘द होल सिक्स यार्ड्स ऑफ इट’ असा दिला.

तेव्हा शापिरो यांनी असा निष्कर्ष काढला की मूळ आकडा सहा असावा आणि बोलता बोलता तो फुगून नऊ झाला असावा. भाषेत असे घडते. अत्यानंदाच्या अवस्थेला इंग्रजीत आज ‘क्लाउड नाइन’ म्हणतात, पण त्याआधी लोक सातव्या आणि आठव्या ढगावरही बसत होते. पुढच्याच वर्षी आणखी जुने कागद निघाले. इंडियाना राज्यातील मिचेल या गावच्या ‘मिचेल कमर्शियल’ या पत्रात १९०७ मध्ये गावच्या बेसबॉल संघाचा व्यापाऱ्यांशी सामना जाहीर करताना म्हटले आहे की, व्यापाऱ्यांना झेपतील तितके डाव खेळले जातील, पण ‘फुल नाइन यार्ड्स’चे वचन देता येत नाही. १९०८ च्या जूनमध्ये त्याच पत्रात रॉस्को नावाच्या गृहस्थाविषयीची ओळ आहे. तो मासेमारीला जाऊन आला असून त्याच्याकडे सांगण्यासारखी मोठी गोष्ट आहे. आम्ही काही ती ऐकत उभे राहणार नाही, पण एखाद्या बेसावध माणसाला गाठून तो त्याला ‘होल नाइन यार्ड्स’ ऐकवील. आपल्याकडे अशा वेळी ‘सगळे रामायण ऐकवील’ असे म्हणतात, आणि त्या ओळीचा भाव नेमका तोच आहे. मशिनगनची विमाने तेव्हा जन्मालाही आली नव्हती, आणि काँक्रीटच्या फिरत्या गाड्याही नव्हत्या.

म्हणजे नऊ आणि सहा हे दोन्ही आकडे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत, एकमेकांशेजारच्या राज्यांत, एकाच अर्थाने वापरात होते. मला या शोधातील सर्वांत महत्त्वाची बाब हीच वाटते. आकडाच जर पक्का नसेल, तर नऊ यार्ड लांबीची वस्तू शोधत जगभर फिरण्याला अर्थ उरत नाही. लुगडे, घागरा आणि गोळ्यांचा पट्टा हे सगळे दावेदार एकाच वेळी बाद होतात, कारण ते सगळे नऊ या आकड्यावर उभे आहेत.

कापडाशी संबंध दाखवणारा एक जुना कागद आहे, तो वगळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १८५५ च्या जानेवारीत इंडियानातील न्यू ऑल्बनीच्या ‘डेली लेजर’मध्ये एका न्यायाधीशाच्या सदऱ्याचा किस्सा छापला गेला. तीन सदरे शिवण्यापुरते कापड आणायला सांगितले असता शिवणारीने तीन न शिवता सगळे नऊ यार्ड कापड एकाच सदऱ्यात घातले, अशी त्या न्यायाधीशाची तक्रार आहे. तीन सदऱ्यांना तीन-तीन यार्ड, म्हणून नऊ. हिशेब किस्स्यातच आहे. येथे ‘होल नाइन यार्ड्स’ हे शब्द शब्दशः कापडाबद्दल आहेत, वाक्प्रचार म्हणून नाहीत, आणि त्यानंतर १९०७ पर्यंत अर्ध्या शतकाची पोकळी आहे. हा किस्सा लोकांच्या तोंडी राहून पुढे वाक्प्रचार झाला असे म्हणायला मन धजावते, पण मधल्या काळातील दुवा हाती नसताना मी ते म्हणणार नाही. तरी एवढे खरे की कापड हेच मूळ असले, तर ते एका अमेरिकी न्यायाधीशाच्या सदऱ्याचे कापड ठरेल, इरकलीचे नाही.

अशीच एक भुरळ पाडणारी जुळणी मिचेल गावाविषयी आहे. अमेरिकेच्या पहिल्या सात अंतराळवीरांपैकी गस ग्रिसम यांचा जन्म १९२६ मध्ये याच मिचेलमध्ये झाला, आणि १९६४ च्या त्या लेखात हा वाक्प्रचार अंतराळ कार्यक्रमातील लोकांच्या तोंडी आहे. गावातील बोली ग्रिसम यांनी तिकडे नेली असे वाक्य लिहायला एक ओळ पुरेशी आहे, आणि ते मोबाइलवर आठवडाभरात सर्वत्र पोचेल. पण केंटकीच्या नियतकालिकात तो वाक्प्रचार १९५६ मध्येच आहे, त्यामुळे त्याला प्रसारासाठी अंतराळवीराची गरज नव्हती.

आपल्याकडच्या ‘सोळा आणे’ या प्रयोगाशी तुलना केली की फरक लख्ख दिसतो. ‘सोळा आणे खरे’ म्हणजे पूर्ण खरे, कारण रुपयाचे आणे सोळा होते. तो आकडा कधी चौदा किंवा वीस झाला नाही. मराठवाड्यात निजामाचा हाली सिक्का चालत होता आणि इंग्रजी मुलखातील कलदार रुपया त्याहून भारी होता, पण दोन्ही रुपयांचे आणे सोळाच. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, आणे व्यवहारातून गेले, तरी वाक्प्रचार जागच्या जागी राहिला. इंग्रजीतील ‘लॉक, स्टॉक अँड बॅरल’ हाही असाच, बंदुकीच्या तीन खऱ्या भागांवरून आलेला. ज्यामागे वस्तू असते तेथे आकडा हलत नाही.

आणि अभिमानाचाच प्रश्न असेल, तर मराठवाड्याच्या कापडाला उसन्या कथेची गरज नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पैठण आणि तगर या दोन बाजारपेठांची नावे आहेत. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. तेथून साधे कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, आडवाटांच्या मुलखातून भडोचच्या बंदराला जात असे, असे त्याने नोंदवले आहे. हे कोणी छाती फुगवण्यासाठी लिहिलेले नाही. माल कोठून येतो याची ती व्यापाऱ्याची नोंद आहे, म्हणून तिचे मोल मोठे. नऊवारीच्या कथेसोबत हा मजकूर कोणी पाठवत नाही, याची मला खंत वाटते.

याहून मोठी खंत दुसरी आहे. केंटकीच्या एका गावातील बातमीदाराने १९१२ साली काय लिहिले हे सेलूत बसून वाचता येते, पण आपल्या प्रदेशातील जुन्या पत्रांतील शब्द असे शोधता येत नाहीत. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३० च्या दशकात निघाला आणि त्यातील अर्थ व अवतरणे आजही उपयोगी पडतात, पण एखादा वाक्प्रचार छापील स्वरूपात पहिल्यांदा कोणत्या साली दिसला हे वर्षानुवर्षे मागे जात दाखवणारे साधन मराठीत उभे राहिलेले नाही. आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे अनंत भालेराव यांच्या संपादनाखाली गाजलेल्या ‘मराठवाडा’ पत्राचे सर्व जुने अंक अक्षरशोध करता येईल अशा रीतीने खुले झाले, तर हाली सिक्क्याच्या काळात आणि त्यानंतर आपली माणसे कसे बोलत होती हे तारखेनिशी सांगता येईल. ज्यांच्या घरी त्या काळचे अंक बांधून ठेवलेले असतील, त्यांनी ते रद्दीत न घालता जवळच्या ग्रंथालयाशी किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागाशी बोलावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.